छावणीतली साथ: विस्थापित सीरियन कुटुंबांबरोबर आरोग्याचं काम कसं करावं

वायव्य सीरियात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला ९ जुलै २०२० रोजी. तुर्कस्तानच्या सीमेवरच्या बाब अल-हवा नाक्याजवळच्या रुग्णालयात काम करणारा तो एक डॉक्टर होता. तोवर जगभर साथ पसरून काही महिने उलटले होते. हात धुवा, अंतर ठेवा, घरात थांबा हे तिथल्या इदलिब प्रांतात तंबूंत राहणाऱ्यांनाही तोंडपाठ झालं होतं, कारण फोन बहुतेक कुटुंबांत होता आणि व्हॉट्सॲपवर दुसरा विषय नव्हता. तरीही मदतीच्या रांगेत माणसं खेटून उभी राहत आणि एका तंबूत तीन पिढ्या एकत्र झोपत. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. पाणी कमी, जागा कमी आणि त्या दिवशी कामावर गेलं नाही तर रात्री चूल पेटणार नाही, अशी अवस्था होती.

मराठी डॉक्टर, परिचारिका, समाजकार्य आणि सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलंमुली मदतसंस्थांबरोबर अशा कामात उतरतात. काही जण इथे बसून प्रश्नावल्या किंवा माहितीपत्रकं तयार करतात. त्यांच्यासाठी ही मांडणी. माझं म्हणणं एका ओळीत: विस्थापित माणसाला नियम सांगण्याआधी तो नियम पाळता येईल अशी सोय करा, आणि सोय करता येत नसेल तर नियम बदला. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमानं लावल्या आहेत.

पहिली पायरी: कुठले सीरियन, ते ठरवा

मार्च २०११ मध्ये असद राजवट आणि तिचे विरोधक यांच्यात सुरू झालेल्या संघर्षात देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं. पण 'सीरियन निर्वासित' असा एकच गट डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं काम पहिल्याच आठवड्यात अडकतं. निदान चार वेगळ्या परिस्थिती आहेत.

वायव्य सीरियात, म्हणजे इदलिब आणि अलेप्पोच्या उत्तर भागात, साधारण ४० लाख लोक राहत होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त आपल्याच देशात विस्थापित झालेले होते. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळातल्या हल्ल्यांत आणखी ९ लाखांहून अधिक माणसं उठली, त्यातली बरीचशी सीमेला चिकटून असलेल्या छावण्यांत दाटली आणि लगेच कोरोना आला. इथे सरकारी आरोग्ययंत्रणा नव्हती. सीरियन डॉक्टर आणि मदतसंस्थाच सगळं चालवत होत्या.

लेबनॉनमध्ये सरकारनं सीरियन लोकांसाठी अधिकृत छावण्या होऊच दिल्या नाहीत. बेका खोऱ्यात आणि अक्कारमध्ये शेतकऱ्याची जमीन भाड्यानं घेऊन लाकूड आणि ताडपत्रीचे तंबू उभे राहिले. भाडं थकलं की उठावं लागतं. जॉर्डनमध्ये झातरी आणि अझरक या मोठ्या, आखीव छावण्या आहेत. २०१२ साली उघडलेल्या झातरीत साधारण ८० हजार लोक राहत होते. पण जॉर्डनमधले बहुसंख्य सीरियन अम्मान, इरबिद, मफ्रक अशा शहरांतच राहतात. तुर्कस्तानात तर जवळपास सगळेच शहरांत, भाड्याच्या खोल्यांत आहेत. ज्या प्रांतात नोंदणी झाली तिथेच त्यांना सरकारी उपचार सहज मिळतात. तिथल्या स्थलांतरितांच्या आरोग्य केंद्रांत सीरियन डॉक्टर आणि परिचारिका नेमलेल्या आहेत, ही मोठी जमेची बाजू.

म्हणून काम सुरू करण्याआधी त्या ठिकाणासाठी एक पानभर टिपण करा. जमीन कोणाची? पाणी कोण आणतं आणि पैसे कोण देतं? जवळचा दवाखाना किती लांब, तपासणीला किती पैसे लागतात? वाटेत कागद तपासणारी चौकी आहे का? घरातली माणसं कुठे राबतात: शेतात, बांधकामावर, शिवणकामाच्या कारखान्यात? या पानाशिवाय पुढची पायरी चढू नका.

दुसरी पायरी: पाणी, साबण आणि जागा मोजा

मानवतावादी कामात सगळीकडे वापरली जाणारी किमान मानकं अशी आहेत: माणशी रोज १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, अंगाचा साबण माणशी महिन्याला २५० ग्रॅम, छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. आता एका तंबूच्या दारात बसून हिशेब करू.

घरात सात माणसं. किमान मानकाप्रमाणे १०५ लिटर पाणी, म्हणजे २० लिटरचे पाच कॅन भरून वर थोडं. टँकर टाकीपाशी थांबतो, तिथून कॅन आणतात बाया आणि दहा-बारा वर्षांची मुलं. त्याच पाण्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, लहानग्याचे लंगोट आणि पाच वेळची वजू, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं. आता आपण सांगतो, प्रत्येकानं दिवसातून दहा वेळा हात धुवा. सत्तर वेळा हात धुणं झालं. तांब्यानं ओतून एका वेळी अर्धा लिटर लागला तरी ३५ लिटर, घरातल्या पूर्ण पाण्याचा तिसरा हिस्सा. हे गणित घरातली बाई मनातल्या मनात करून मोकळी झालेली असते. ती 'हो हो, धुतो' म्हणते आणि मुलांना फक्त जेवणाआधी आणि शौचालयातून आल्यावर हात धुवायला लावते. तिचा निर्णय अगदी बरोबर आहे. आपणही तेच दोन क्षण आधी धरायला हवेत, आणि तिसरा जोडायचा तो आजारी माणसाला हात लावून आल्यावरचा. पाणी मानकापेक्षा कमी मिळत असेल तर आपलं पहिलं काम टँकरच्या फेऱ्या वाढवण्यासाठी भांडणं हे आहे.

साबणाचंही असंच मोजा. वाटलेला साबण विकला जातोय असं ऐकलं तर रागावू नका. त्या घराला साबणापेक्षा निकडीचं काहीतरी हवं आहे, ते काय ते विचारा.

जागेबद्दल आपल्या हातात फार थोडं असतं. तंबू मोठे करता येत नाहीत, त्यामुळे 'दोन मीटर अंतर' हा संदेश तंबूच्या आत वापरू नये. तो रांगेसाठी, दवाखान्याच्या ओसरीसाठी आणि मशिदीसाठी ठेवावा.

तिसरी पायरी: विचारा, पण नीट विचारा

लोकांना काय माहीत आहे, काय वाटतं आणि ते काय करतात, अशी तीन भागांची प्रश्नावली आरोग्यसंस्था नेहमी वापरतात. विस्थापितांमध्ये तिला चौथा भाग जोडा: काय करता येतं. हा भाग नसेल तर उत्तरं दिशाभूल करतात. 'मास्क वापरता का?' याला जवळजवळ सगळे हो म्हणतील, कारण विचारणारा मदतसंस्थेचा माणूस आहे आणि चुकीच्या उत्तरानं मदत बंद होईल अशी भीती असते. त्याऐवजी विचारा: 'घरात मास्क किती आहेत? आज कोण कोण बाहेर गेलं? एकच मास्क दोघं वापरतात का? शेवटचा कधी धुतला?' काल काय झालं ते विचारा. 'सहसा', 'नेहमी' हे शब्द टाळा.

ऐकण्याइतकंच बघणं महत्त्वाचं. हात धुण्याची जागा दाखवायला सांगा. तिथे पाणी आहे का, साबण ओला आहे का, लहान मुलाचा हात तिथवर पोचतो का, एवढं टिपून घ्या.

घरात शिरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पुरुष घरी नसेल तर बाईशी बाईनंच बोलावं, आणि दोघींनी मिळून जावं. वडीलधाऱ्या बाईला 'खाले' किंवा 'हज्जे', काकांच्या वयाच्या माणसाला 'अम्मो' म्हणतात. आईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं, 'उम्म' लावून हाक मारतात. आपण मावशी-काका म्हणून सुरुवात करतो तितकंच हे सहज आहे. नुसतं नाव घेऊन बोलणं कोरडं वाटतं. चहा किंवा कॉफी पुढे येईलच. साथीच्या दिवसांत ती नाकारायची असेल तर छातीवर उजवा हात ठेवून, कारण सांगून नम्रपणे नाकारा. हस्तांदोलनाऐवजीही छातीवर हात ठेवणं त्यांच्या रीतीत पूर्वीपासून आहे, ते शिकवावं लागत नाही.

एका गोष्टीवर मी ठाम आहे: नाव, तंबूचा नेमका ठावठिकाणा, राहण्याचा परवाना आहे की नाही, मूळ गाव आणि कोणत्या बाजूचे होते, यातलं काहीही साथीच्या सर्वेक्षणात विचारू नये. वायव्य सीरियात रुग्णालयांचे ठावठिकाणे संयुक्त राष्ट्रांमार्फत लढणाऱ्या पक्षांना कळवूनही त्यांच्यावर हल्ले झाले. लोक ते विसरलेले नाहीत. फोनमधलं स्थान बंद ठेवा, घराचे फोटो काढू नका, आणि उत्तर दिलं नाही तरी मदत चालूच राहील हे आधी सांगा.

चौथी पायरी: बोलणारा माणूस शोधा

माहिती कोण देतंय यावर तिचं वजन ठरतं. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यानं सांगितलेलं आणि स्वतः होम्स किंवा दरा या सीरियन शहरांतून पळून आलेल्या परिचारिकेनं सांगितलेलं, यात फरक पडतोच. सीरियन डॉक्टर, परिचारिका, दाई, औषध विकणारा आणि शाळेतली शिक्षिका हे पहिल्या फळीचे लोक. वायव्य सीरियात नागरी संरक्षण दलाच्या, म्हणजे व्हाइट हेल्मेट्सच्या, स्वयंसेवकांनी छावण्यांतून फवारणीबरोबर जागृतीचंही काम केलं. त्यांना लोकांनी कोसळलेल्या इमारतींखालून माणसं काढताना पाहिलेलं होतं, म्हणून त्यांचं ऐकलं जायचं.

लेबनॉनच्या वस्त्यांत 'शावीश' हा माणूस टाळता येत नाही. जमीनमालक आणि रहिवासी यांच्यातला तो दुवा: भाडं गोळा करणारा, शेतमजुरीला माणसं नेणारा. त्याच्याशिवाय वस्तीत शिरता येत नाही, पण सगळं त्याच्याच हातून वाटलं तर त्याच्या मर्जीतले पुढे आणि विधवा मागे राहतात. त्याला कल्पना द्या, त्याचा मान ठेवा, आणि वाटपाची यादी स्वतंत्रपणे बायकांच्या गटाकडून तपासून घ्या.

इमामांचं सहकार्य २०२० च्या वसंतात फार मोलाचं ठरलं, कारण जुम्म्याची नमाज आणि त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला रमजान या दोन्ही वेळा गर्दीच्या होत्या. 'मरण लिहिलं असेल तेव्हा येईल' असं म्हणणारी माणसं भेटतात. त्यांच्याशी बाहेरच्यानं वाद घालू नये. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तुम्ही आहात तिथे साथ आली तर तिथून पळू नका, ही पैगंबरांची शिकवण सगळ्यांना ठाऊक असते. सातव्या शतकात 'अमवासची' म्हणून ओळखली जाणारी प्लेगची साथ याच सीरियाच्या भूमीवर पसरली, तेव्हा खलिफा उमर ती शिकवण ऐकून वाटेतूनच मागे फिरले, हेही त्यांच्या परंपरेत सांगितलं जातं. सावधगिरी घेणं श्रद्धेच्या आड येत नाही, हे इमामांनी याच आधारावर सांगितलं तर पटतं. आपण फक्त त्यांच्यापुढे आजाराची नेमकी माहिती ठेवायची.

वयात आलेल्या मुलांना विसरू नका. शाळा सुटलेली असते, हातात फोन असतो, आणि घरच्या निरक्षर आजीला व्हॉट्सॲपवरचा आवाज तेच ऐकवतात.

पाचवी पायरी: संदेश छोटा, जागेला धरून

एका वेळी एकच कृती, एकच जागा, एकच वेळ. 'स्वच्छता पाळा' यातून कोणाला काहीच करता येत नाही. 'टँकरच्या रांगेत कॅन खाली ठेवा आणि मागच्या माणसानं दोन कॅन सोडून उभं राहा' हे करता येतं. 'घरात हवा खेळती ठेवा' असं हिवाळ्यात सांगितलं तर लोक हसतील, कारण इदलिबच्या टेकड्यांवर बर्फ पडतं आणि तंबूत तेलाची किंवा मिळेल ते जाळणारी शेगडी पेटलेली असते. तिथे सांगायचं असं: दुपारी ऊन असताना समोरासमोरच्या दोन कडा पंधरा मिनिटं उचला, शेगडी तेव्हा विझलेली ठेवा. आगीचा धोकाही याच वाक्यात येऊन जातो.

भाषा बोलीतली हवी. लेखी अरबी शुद्ध असते आणि परकी वाटते. पूर्वेकडच्या देर अझ-झोरची बाई आणि राजधानी दमास्कसची बाई यांच्या बोलण्यातही अंतर आहे, म्हणून आवाजाचा संदेश त्या वस्तीतल्याच कोणाकडून बोलून घ्यावा. अर्ध्या मिनिटाहून मोठा करू नये. चित्रं वापरणार असाल तर आधी चार-पाच बायांना दाखवून 'यात काय दिसतं?' एवढंच विचारा. लाल फुली म्हणजे मनाई, हे प्रत्येकाला ठाऊक असतंच असं नाही.

अफवांसाठी एक वही ठेवा. आठवड्यात कानावर आलेलं सगळं जसंच्या तसं त्यात लिहा: गरम पाण्यानं विषाणू मरतो, लस घेतली की मूल होत नाही, रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही. आठवड्याच्या शेवटी यातल्या एका-दोन गोष्टींनाच उत्तर द्या, सगळ्यांना नको. उत्तर देताना अफवा पुन्हा घोकू नका, खरी गोष्ट आधी सांगा. प्रत्येक अफवेत कुठली भीती आहे ते शोधा. रुग्णालयात गेलेला परत येत नाही, ही भीती घरच्यांना भेटू न देण्यातून येते. रोज संध्याकाळी रुग्णाचा आवाज फोनवर ऐकवला तर ती कमी होते.

सहावी पायरी: सोय उभी करा

इथे वेळ घालवा. सगळ्यात जास्त फळ याच पायरीवर मिळतं.

हात धुण्याचा पायानं चालणारा नळ वस्तीतल्या वस्तूंतून तासाभरात होतो. पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या. खिळा तापवून झाकणापासून चार बोटं खाली, मुठीच्या विरुद्ध बाजूला एक भोक पाडा. दोन खांबांवर आडवी काठी बांधा आणि ती कॅनच्या मुठीतून ओवा. झाकणाच्या मानेला दोरी बांधून ती खाली जमिनीवर टेकलेल्या दुसऱ्या काठीला जोडा. पाय काठीवर दाबला की कॅन वाकतो आणि बारीक धार येते, पाय उचलला की थांबते. हातानं काहीच धरावं लागत नाही, आणि पाणी तांब्यानं ओतण्यापेक्षा खूपच कमी लागतं. पाणी भोकाच्या पातळीपर्यंतच भरा. साबणाला मधोमध भोक पाडून, जाळीच्या तुकड्यात बांधून शेजारी टांगा. सीमेजवळच्या खडकाळ जमिनीत खांब रोवता येत नाहीत, तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांत दगड भरून त्यांत खांब उभे करा. खाली खडी टाका, नाहीतर चिखल होतो आणि आठवड्याभरात कोणी तिकडे फिरकत नाही. जागा शौचालयाच्या वाटेवर हवी, आणि रात्री उजेड नसेल तर बायका जाणार नाहीत हेही लक्षात घ्या. कॅन रोज कोण भरणार त्या घराचं नाव आधी ठरवा.

वाटपाची पद्धत बदलणं हीदेखील सोयच. सगळ्या वस्तीला एका सकाळी बोलावू नका. तंबूंच्या ओळीप्रमाणे वेळा द्या, किंवा दारोदार वाटा. एका महिन्याऐवजी दोन महिन्यांचं एकदम दिलं तर रांगा निम्म्या होतात. पण दोन महिन्यांचं पीठ ठेवायला कोरडी जागा आहे का, ते आधी पाहा.

मास्क वस्तीतल्याच शिवणकाम करणाऱ्या बायांकडून, मोबदला देऊन शिवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्ये कापडी मास्कला तीन थर सुचवले होते. माणशी दोन द्या, एक धुतलेला आणि एक तोंडावर.

कॉफीचा प्रश्न वेगळा आहे. पूर्वेकडच्या, भटक्या परंपरेच्या कुटुंबांत कडू कॉफी एकाच कपातून सगळ्यांना फिरते. काही भागांत माते हे पेयही एकाच नळीनं ओढतात. 'बंद करा' म्हणणं म्हणजे पाहुण्याला घालवून देण्यासारखं. प्रत्येकानं आपला कप आणायचा, ओतणारा एकच, हे बहुतेकांना चालतं. मयताच्या घरी तीन दिवस चालणाऱ्या समाचाराच्या बैठकीला मात्र मी हात लावायला कचरेन. ती उघड्यावर भरवा, गळाभेट टाळा, वृद्धांना फोन करा, एवढंच सुचवावं. युद्धात ज्यांना आपल्या माणसाला मातीसुद्धा देता आली नाही, त्यांच्याकडून उरलेला शोकही काढून घेऊ नये.

सातवी पायरी: कोणी आजारी पडलं तर

तंबूत विलगीकरण होत नाही, हे आधी मान्य करा. मग तीन पर्याय राहतात. वस्तीजवळ सामुदायिक विलगीकरण केंद्र, रुग्णासाठी शेजारी वेगळा तंबू, किंवा उलट्या बाजूनं विचार करून वृद्ध आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनाच काही आठवडे निराळ्या, राखलेल्या जागेत ठेवणं. तिसरा पर्याय कागदावर चांगला दिसतो. पण आजीला नातवंडांपासून तोडणं कोणालाच सहज जमत नाही, आणि एकाच राखलेल्या जागेत साथ शिरली तर सगळेच धोक्यात येतात. म्हणून तो निर्णय घराचाच असू द्या. आजीबरोबर तिच्या मर्जीचं एक माणूस राहील, रोज भेट लांबून होईल आणि ती कधीही परत येऊ शकेल, हे तिन्ही कबूल करा.

केंद्रात जायला माणूस का नकार देतो, ते विचारा. बहुतेकदा उत्तरं अशीच असतात: मुलांना कोण बघणार, मजुरी बुडेल, बाईमाणूस एकटी कशी राहणार, तंबू रिकामा राहिला तर सामान जाईल. बायकांसाठी वेगळी आणि आतून कडी लागणारी जागा, बुडालेल्या दिवसांचं पीठ-तेल, आणि तंबू राखायला शेजारी, एवढं ठरवून मगच केंद्राची भलामण करा.

लेबनॉनमध्ये आणखी एक अडचण होती. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या निदान २१ नगरपालिकांनी फक्त सीरियन लोकांवर वेगळे निर्बंध लादल्याची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली. परवान्याची मुदत संपलेला माणूस ताप आला म्हणून चौकी ओलांडून रुग्णालयात जाणार नाही. त्याला 'लक्षणं लपवू नका' सांगण्याआधी, कोणत्या दवाखान्यात कागद विचारत नाहीत आणि तिथवर कोण पोचवेल, ही दोन उत्तरं तयार ठेवा.

घरी काळजी घेणाऱ्यांना धोक्याच्या खुणा पाठ करून द्या: बोलताना धाप लागणं, छातीत सतत दुखणं, ओठ निळसर होणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, जागं न होणं. यातली एक जरी दिसली तरी वाट न पाहता हलवायचं. ज्या फोनवर गाडी मागवायची तो नंबर तंबूच्या खांबावर अंकांत लिहून ठेवा, आणि तो रात्री लागतो का हे आपण स्वतः एकदा लावून पाहा.

आठवी पायरी: लस

जॉर्डननं जानेवारी २०२१ मध्येच निर्वासितांना आपल्या राष्ट्रीय मोहिमेत घेतलं आणि फेब्रुवारीत झातरी छावणीत लसीकरण केंद्र उघडलं. निर्वासितांनाही लस फुकट, आणि छावणीत दाराशी. वायव्य सीरियात पहिले ५३,८०० डोस कोव्हॅक्स या लसवाटपाच्या आंतरराष्ट्रीय योजनेतून २१ एप्रिल २०२१ रोजी सीमा ओलांडून आले. त्याच सुमारास भारतात दुसरी लाट उसळली होती आणि पुण्यात बनणाऱ्या लशीची निर्यात थांबली होती. कोव्हॅक्सची मोठी भिस्त त्याच लशीवर असल्यानं अनेक गरीब देशांचा पुरवठा अडला. अशा वेळी लोकांना खरं कारण सांगावं. 'पुढचा डोस कधी येईल ते आज सांगता येत नाही, आला की आधी तुम्हाला कळवू' हे ऐकून माणूस रागावतो, पण पुढच्या वेळी विश्वास ठेवतो.

लस घ्यायला सांगताना नोंदणीचं काम आपण अंगावर घ्या. फोनवरचे अर्ज, सांकेतिक क्रमांक, परक्या भाषेतला संदेश यांत माणसं गळतात. वस्तीत टेबल मांडून दोन मुलं बसवली की बराच अडसर दूर होतो. आणि लशीच्या नोंदीतली माहिती पोलिसांकडे जाणार नाही, हे लेखी मिळवा. मिळालं नाही तर तसं आश्वासन देऊ नका.

नववी पायरी: साथ बदलली की पान बदला

१० सप्टेंबर २०२२ रोजी सीरियात कॉलरा जाहीर झाला. युफ्रेटिस नदीचं दूषित पाणी पिणं आणि शेतीला वापरणं हे त्यामागचं मुख्य कारण मानलं गेलं. पुढच्याच महिन्यात लेबनॉनमध्ये रुग्ण सापडले, तिथे जवळपास तीन दशकांनंतर. त्यानंतर ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानं जलवाहिन्या आणि घरं दोन्ही मोडली.

कोरोनात शिकवलेलं इथे जसंच्या तसं लावू नका. मास्क मागे पडतो आणि पाणी सगळ्यात पुढे येतं. टाकीच्या नळाशी पाण्यात क्लोरीन उरलेलं आहे का, ते रोज तपासा. साथीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम तरी हवं. घरी क्लोरीनची गोळी टाकत असतील तर पाकिटावर लिहिलेल्या लिटरचाच कॅन वापरायचा आणि अर्धा तास थांबून प्यायचं. वास येतो म्हणून लोक ते पाणी टाकून विहिरीचं पितात, म्हणून वास का येतो ते पहिल्याच दिवशी सांगा. कॅनचं तोंड अरुंद असू द्या आणि त्यात पेला बुडवू देऊ नका. कच्ची भाजी स्वच्छ पाण्यानं धुवायला सांगताना सांभाळून बोला, ताब्बूले या कोशिंबिरीतली पार्सली (कोथिंबिरीसारखी पालेभाजी) आणि पुदिना रोजच्या जेवणातला असतो.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले की पहिल्या तासात पाणी-मीठ-साखर द्यायला हवं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. प्रत्येक वस्तीत दहा बायांनी हे आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवायला हवं, कारण मिठाचा हात सैल सुटला तर मुलाला अपाय होतो. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. हे देत देतच दवाखाना गाठायचा.

दहावी पायरी: काय बदललं ते पाहा

किती बैठका झाल्या आणि किती पत्रकं वाटली, याचा आकडा देणगीदाराला आवडतो. आपण मात्र दर पंधरा दिवसांनी चार गोष्टी पाहाव्यात: हात धुण्याच्या किती जागांवर पाणी आणि साबण दोन्ही आहेत, रांगेत माणसं कशी उभी आहेत, ताप आल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती दिवस जातात, आणि विलगीकरणाला गेलेल्यांपैकी किती जण मुदत संपण्याआधी निघून आले. चौथा आकडा वाढला तर लोकांना दोष न देता सहाव्या आणि सातव्या पायरीकडे परत या. निष्कर्ष वस्तीतल्या बायांच्या बैठकीत आधी वाचून दाखवा. चुकीचे असतील तर त्या लगेच सांगतात.

डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळल्यानंतर लाखो लोक परत निघाले आहेत, बहुतेक जण पडक्या घरांकडे आणि तुटलेल्या नळांकडे. छावणीतलं काम आवरताना त्यांच्या हाती काय द्यायचं ते आता महत्त्वाचं झालं आहे. मुलांच्या लसीकरणाची कार्डं, म्हाताऱ्यांच्या औषधांची अरबीतली यादी, क्लोरीनच्या गोळ्या आणि त्यांच्या वापराची चित्रं, पाणी-मीठ-साखरेची पाकिटं, आणि ज्या जिल्ह्यात जाणार तिथला चालू असलेला दवाखाना कुठे आहे त्याची एक ओळ. हे सगळं निघण्याच्या दिवशी घाईत नको, आठवडाभर आधी घरी बसून समजावून द्या, आणि कार्डाचा फोटो त्यांच्याच फोनमध्ये काढून ठेवायला सांगा.